न गळणारे साचे

केकचे साचे विकत घ्यायला जाताना सोबत प्लंबर नेऊ नये. तिच्याबरोबर तर दोन होते, एक नवरा आणि एक सासरे. तिने नेले होते असं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा दोघे आधीच चपला घालून दारात उभे होते.

"पत्र्याचं भांडं घ्यायचंय ना?" सासरे म्हणाले. "मग आमच्याशिवाय काय घेशील? जन्म गेला आमचा यात."

"बाबा, तुमचा जन्म नळात गेला."

"नळ काय मातीचा असतो?"

ती पुढे चालू लागली. दोघे मागून, पत्रा चांगला कसा ओळखावा यावर वाद घालत.

दुकान अरुंद, पण साचे छतापर्यंत. दुकानदारीण ठेंगणी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि माल दाखवण्याआधी गिऱ्हाईक निरखून घेण्याची तिला सवय. तिने सुनेला निरखलं, मग मागच्या दोघांना, आणि सुनेकडे पाहून किंचित मान हलवली. त्या मान हलवण्यात बरीच सहानुभूती होती.

काउंटरवर तीन साचे आले. एक काळाकुळकुळीत, आतून गुळगुळीत थर दिलेला. एक पातळ, आरशासारखा चकचकीत. एक जाड, फिकट राखाडी, दिसायला अगदीच साधा. सुनेने सरळ राखाडी उचलला. हे शहाणपण तिला घरच्या जुन्या साच्यांनी शिकवलं होतं. काळा साचा आच ओढून घेतो, केक मधे कच्चा असतो आणि कड करपलेली. पातळ पत्रा ओव्हनमध्ये तापला की टणकन वाकतो आणि सगळं पीठ एका अंगाला जाऊन बसतं. आणि तो गुळगुळीत थर कुणीतरी कधीतरी सुरीने खरवडतंच. तिच्या घरात तर ते कोण करणार हेसुद्धा तिला माहीत होतं.

सासऱ्यांनी साचा तिच्या हातातून घेतला. तळहातावर तोलला, टिचकी मारली, कानाशी धरला.

"भरीव आहे. एका पत्र्यातून दाबून काढलेला. कुठे शिवण नाही." ते खूश झाले. "शिवण आली की गळती आलीच. हा घे."

सुनेला बरं वाटलं. जरा जास्तच लवकर बरं वाटलं, कारण दुकानदारीण बाईने तेवढ्यात टार्टचे, म्हणजे खुसखुशीत पिठाच्या वाटीत सारण भरून भाजतात त्याचे, साचे काढले. उथळ, नागमोडी कडेचे, सुट्या तळाचे. नवऱ्याने एक हातात घेतला आणि तळ खाली पडून काउंटरवर भिंगरीसारखा फिरत राहिला.

"ताई, हा तुटलेला आहे," नवरा म्हणाला.

"तुटलेला नाही हो, सुटा आहे."

"दुसरा दाखवा."

दुसऱ्याचाही तळ पडला. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"जरा पाणी मिळेल का?" सासऱ्यांनी विचारलं.

"प्यायला?"

"साच्याला."

"बाबा, नको," सून म्हणाली. पण दुकानदारीण बाईसुद्धा माणूसच होती, पुढे काय होतंय याची तिलाही उत्सुकता. तिने तांब्या दिला. सासऱ्यांनी साचा डाव्या हातावर धरला, उजव्या हाताने पाणी ओतलं आणि ते पाणी त्यांच्या कोपरावरून, काउंटरवरून, सुनेच्या पिशवीवरून जमिनीवर गेलं.

"ओल नाही. झिरप नाही," सासरे खालच्या आवाजात म्हणाले. "सरळ धार."

"बाबा, त्यात पाणी भरायचंच नसतं! घट्ट पीठ थापायचं. भाजून झालं की खालून तळ वर ढकलायचा, कडं खाली सरकतं आणि टार्ट अख्खा बाहेर येतो."

"म्हणजे तळ निघावा म्हणूनच असा केलाय?"

"हो."

"आणि लोक पैसे देऊन घेतात?"

दुकानदारीण बाईने खाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं केलं. खांदे हलत होते तिचे. सुनेने साचे उचलले, कड आतून मोजून पाहिली, तळ प्रत्येकाचा आपापल्या कड्यात चपखल बसतो ना ते बघितलं, आणि कुणी अजून काही ओतायच्या आत ते बांधून घेतले.

आता हे साचे तिला एवढे का हवे होते ते सांगायला हवं.

खाली नळकामाचं दुकान, वर घर. दुकानात एक काउंटर, काउंटरवर फोन, फोनपाशी खुर्ची. सासूबाई होत्या तोवर त्या खुर्चीत त्या बसायच्या. त्या गेल्यावर सून बसू लागली. कधी ठरलं, कुणी ठरवलं, कुणालाच आठवत नाही. एकदा फोन वाजला, बाकीच्यांचे हात ग्रीसचे होते, तिने उचलला, आणि त्या दिवसापासून तो तिचा झाला. त्याच हातांनी ती वर जाऊन केक करायची. पीठ मळता मळता फोनसाठी खाली धावायची, कुणाचा तरी संडास तुंबल्याचं ऐकायची आणि वर लोणी विरघळेपर्यंत त्यांना धीर द्यायची. केक मागणारे वाढले, तशी तिने दुकानामागची खोली मागितली. त्या खोलीत पाइप होते. जुने पाइप, अर्धे पाइप, 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेले पाइप.

"एखादी पक्की ऑर्डर आण," सासरे म्हणाले होते, "लगेच खोली रिकामी करतो."

ऑर्डर चालून आली. कोपऱ्यापलीकडच्या कॅफेची मालकीण केक आणि टार्ट रोज घ्यायला तयार होती, पण आधी पाठवलेले टार्ट जुन्या साच्यातून कडा मोडून निघाले होते. "मोडका माल मी काचेत कसा ठेवू?" ती म्हणाली होती. "शुक्रवारी सकाळी घरी येते. माझ्यासमोर साच्यातून काढून दाखव. अख्खा निघाला तर तुझी ऑर्डर."

म्हणजे सगळं त्या सुट्या तळांवर होतं. शुक्रवारी टार्ट अख्खा निघाला की ऑर्डर, ऑर्डर आली की खोली, आणि खोली मिळाली की फोन दुसऱ्या कुणाचा तरी.

नव्या साच्यात तिने पहिला टार्ट भाजला. खाली वाटी उपडी ठेवून तिच्यावर साचा ठेवला, तर कडं सुळकन खाली उतरलं आणि टार्ट वाटीवर मुकुटासारखा उभा राहिला. एकही पाकळी मोडली नव्हती. ती एकटीच हसली. ओव्हनच्या तळाला जरासं लोणी पडून धूर झाला होता, तेवढंच. ओव्हन पुसता पुसता ती आपल्याशीच पण मोठ्याने म्हणाली, "हे लोणी गळतंय मेलं. खाली ताट ठेवायला हवं."

शेजारच्या खोलीत जेवायला बसलेल्या बापलेकांना ताट ऐकू आलं नाही. त्यांना 'गळतंय' ऐकू आलं.

गुरुवारी ती लिंबं आणि लोणी आणायला गेली, तिथून बहिणीकडे. संध्याकाळी परतली तेव्हा साचे ओट्यावर रांगेत, फडक्याखाली झाकलेले. नवऱ्याने चहा केला होता. सासरे स्वतःहून म्हणाले, "दमलीस, आज लवकर झोप." एवढ्यावरून कुठल्याही बाईला संशय यायला हवा होता. पण ती खरंच दमली होती.

शुक्रवारी सकाळी तिने पीठ लाटलं, पहिल्या साच्यावर अंथरलं, बोटांनी नागमोडी कडेत दाबलं. साचा उचलायला हात खाली घातला, तर अंगठ्याला काहीतरी रबरासारखं लागलं. तिने साचा डोक्यावर धरून खालून पाहिलं. तळ आणि कडं यांच्यामधून एक तांबडी रेघ गेली होती. गोल, सारखी, सुबक. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. दुसरा साचा पाहिला. तिसरा पाहिला. सगळ्यांना तीच रेघ.

"अहो!"

दोघे हजर. चेहरे असे की जणू बक्षीस घ्यायला बोलावलंय.

"दिसलं वाटतं," नवरा म्हणाला.

"हे काय आहे?"

"बॉयलरच्या फटी बुजवायला लावतो ते सीलंट," सासरे म्हणाले. "ओव्हनच्या आचेला त्याला काही होत नाही. काल दुपारी दुकान बंद ठेवून बसलो दोघं. पाणी भरून ठेवलं होतं संध्याकाळपर्यंत, खाली कागद अंथरून. टिपूस नाही! कागद बघायचाय? ठेवलाय मी."

"मला कागद नकोय! तळ निघायला हवा होता, तळ!"

"अगं, पण तूच म्हणालीस गळतंय."

"लोणी म्हणाले मी, लोणी! एखादा थेंब! त्याला खाली ताट ठेवतात!"

"एक थेंब म्हणता म्हणताच भिंत ओली होते," सासरे म्हणाले. हे वाक्य ते गिऱ्हाइकांना सांगत, आणि गिऱ्हाइकं मान डोलावत. सून डोलावेना.

"दुकानात तुम्हाला सांगितलं होतं ना की तळ सुटाच असतो? तुमच्यासमोर सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस," नवरा म्हणाला. "पण आम्हाला वाटलं, तुला त्या बाईने गुंडाळलं."

सून खाली बसली. मग उठली. बसून काय होणार होतं?

"काढा."

"काय?"

"लावलंय ते. आत्ताच्या आत्ता काढा. कॅफेवाली येईल."

बापलेकांनी पाती आणली, पेचकस आणला, कसलासा उग्र वासाचा द्रव आणला, तो तिने दारातूनच परत पाठवला. दोघे ओट्यापाशी बसून खरवडू लागले. मघापासून शरमलेल्या त्या चेहऱ्यांवर खरवडता खरवडता एक वेगळीच कळा येऊ लागली. लाज तर होतीच, पण तिच्या आडून अभिमान डोकावत होता.

"बाबा, निघत नाहीये."

"कसं निघेल? पृष्ठभाग घासून घेतला होता ना आधी. हाताला लागतोय बघ, एकजीव झालंय."

"काय काम केलंय आपण."

"तुम्ही दोघं एकमेकांची पाठ थोपटणं बंद करा!" सून ओरडली.

नवऱ्याने जरा जोर केला. एक कडं चेपलं. दुसऱ्याचा तळ निघाला, पण असा वाकून की भिजून वाळलेला पुठ्ठा बरा. तिसरा सासऱ्यांनी हळुवारपणे, घटकाभर खपून सोडवला, फक्त शेवटी पेचकस निसटून त्याच्या पाकळ्यांत खोच पडली. दुकानदारीण बाईचं दुकान एवढ्या सकाळी उघडत नाही हे सुनेला ठाऊक होतं, तरी तिने खिडकीतून एकदा त्या दिशेला पाहिलं. मग तो तिसरा साचा घासून, उकळत्या पाण्यातून काढून, पुन्हा घासून, हुंगून, तिने त्यात पीठ थापलं. केक तोवर राखाडी साच्यात भाजून तयार होता. त्या साच्याला शिवण नव्हती, म्हणून कुणी हात लावला नव्हता.

कॅफेवाली वेळेवर आली. उंच बाई, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. तिने केक कापला, काप आडवा धरून तळ पाहिला, कड पाहिली, एक घास खाल्ला.

"छान. चारी बाजूंनी सारखा भाजलाय. साचा बदललास?"

"हो."

"कळतंय. टार्ट?"

सुनेने वाटी उपडी ठेवली, तिच्यावर साचा ठेवला. कडं हललं नाही. तिने अलगद दाबलं. जिथे खोच होती तिथे कडं अडलं, बाकीचं उतरलं, आणि टार्ट मधोमध दुभंगला. लिंबाचं पिवळं सारण सावकाश वाटीवरून खाली ओघळलं. कॅफेवालीची नजर ओट्याकडे गेली, तिथे बाकीचे साचे तांबड्या चिंध्या लोंबत पडले होते.

"हे काय?"

"गळती काढली होती," नवरा म्हणाला. प्रामाणिक माणूस. प्रामाणिकपणा कधी आवरावा हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

कॅफेवालीने त्याच्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ सुनेकडे. तिने चव घेतलीच. मोडक्या टार्टचा तुकडा बोटाने उचलून खाल्ला आणि डोळे क्षणभर मिटले.

"चव मला हवी तीच आहे," ती म्हणाली. "पण मला चव रोज हवी. इथे तुझ्या भांड्यांना कुणीही येऊन काहीही लावून जातं. उद्या तेच माझ्या गिऱ्हाइकाच्या ताटात येईल. तुझी वेगळी जागा असेल, तिला दार असेल, तर ऑर्डर तुझी. सोमवारी बघायला येते. नाहीतर दुसरी एक बाई आहे माझ्या नजरेत."

ती गेली. सून वळली.

"ऐकलंत ना, बाबा? खोली हवी."

"ऐकलं," सासरे म्हणाले. "पण आपलं ठरलं होतं, आधी ऑर्डर, मग खोली."

"ती म्हणते, आधी खोली मग ऑर्डर."

"मग ऑर्डर कुठे मिळाली?"

"खोली नाही म्हणून नाही मिळाली!"

"तेच म्हणतोय मी. ऑर्डर नाही."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे." तिने हातातलं फडकं ओट्यावर आपटलं, साचे टोपलीत भरले आणि जिना उतरून बाहेर गेली. त्या दिवशी ती खुर्चीत बसली नाही. फोन वाजला तेव्हा सासऱ्यांना धावत खाली यावं लागलं, आणि खाली आल्यावर बसावंही लागलं, कारण तो लगेच पुन्हा वाजला.

थोड्या वेळाने सून दुकानात आली. घरातून नाही, रस्त्यावरून, पुढच्या दाराने, हातात ती साच्यांची टोपली. आत एक म्हातारी बाई नळाचं तोंड बदलून घ्यायला थांबली होती. सून तिच्या मागे उभी राहिली.

"हे काय गं? बाहेरून?" सासरे म्हणाले.

"गिऱ्हाईक आहे मी. तक्रार आहे."

"वर बोलू."

"गिऱ्हाइकाशी वर बोलता तुम्ही? विचारा ना, जे मी रोज विचारते. काम कधी केलं, कुणी केलं?"

म्हातारी बाई वळून पाहू लागली. दुकानात गिऱ्हाईक असताना आवाज चढवायचा नाही, हा सासऱ्यांनी स्वतः घातलेला नियम. त्यांनी घसा साफ केला.

"बरं. काय तक्रार?"

"काल दुपारी तुमच्या दोन माणसांनी न विचारता माझ्या साच्यांना सीलंट लावलं. न विचारता. माझा माल बिघडला." तिने टोपली काउंटरवर ठेवली. "दंतवैद्याच्या घरी तुमच्या पान्याने फरशी फुटली होती, तेव्हा काय केलं होतंत?"

"नवीन बसवून दिली."

"वाद घातलात?"

"दुकानाच्या नावाचा प्रश्न असतो."

"मग?"

"मग काय, साचे नवीन आणून देतो. आजच. तू निवड, मी फक्त पिशवी धरतो."

"साचे तर द्यालच. पण त्या बिघडलेल्या साच्यांपायी माझी ऑर्डर अडली, आणि ऑर्डर अडलीय जागेवर. ती जागा कोण भरून देणार?"

"खोलीचं वेगळं ठरलं होतं—"

"दंतवैद्याला म्हणालात का, आधी पाच दात काढून दाखवा, मग फरशी बसवतो?"

म्हातारी बाई फसकन हसली. मग गंभीर होऊन काउंटरवर वाकली. "काय हो, माझ्या न्हाणीघराचं कामही तुम्हीच केलंत ना? तेव्हा म्हणालात, बिघडलं तर आम्ही भरून देऊ, काळजी नको. ते खरं की नुसतं बोलायला?"

सासऱ्यांनी टोपलीतला एक साचा उचलला. उलटा करून पाहिला. तांबड्या रेघेवरून सवयीने बोट फिरवलं, मग ते बोट मागे घेतलं. बाप म्हणून, सासरा म्हणून ते संध्याकाळपर्यंत हटले नसते. दुकानदार म्हणून मात्र हटावंच लागणार होतं. मुलाकडे पाहिलं, तर मुलगा दारात उभा राहून वॉशर मोजण्यात गुंतला होता.

"खरंच ते," सासरे म्हातारीला म्हणाले. मग मुलाला हाक मारली. "अरे, ती मागची किल्ली आण."

पाइप बाहेर यायला लागले. एकेक पाइप सासरे ओळखीच्या माणसासारखा न्याहाळत होते, हा अमक्या घरचा, हा तमक्या कामाचा, हा लागेल कधीतरी. सून हात बांधून उभी होती आणि प्रत्येक वेळी म्हणत होती, "बाहेर." भंगारवाला गाडी भरून घेऊन गेला. राहिलेले नवऱ्याने जिन्याखाली रचले. तिने भिंती धुतल्या, ओव्हन खाली आणवला. नवे साचे आणायला ती एकटीच गेली. पिशवी धरायला सासरे निघाले होते, तिने त्यांना फोनपाशी बसवलं.

रविवारी तिने खोलीत शिरून दार आतून लावलं. लोणी थंडगार होतं. पीठ अजून हाताला चिकटत नव्हतं, कडा सरळ उतरत होत्या, आणि ओव्हनमध्ये साच्यांखाली ताट होतं. सोमवारचा टार्ट कसा निघेल याची तिला काळजी होती, पण ती तिची स्वतःची काळजी होती, तीत दुसऱ्या कुणाचा पेचकस नव्हता.

दाराबाहेर पावलं थांबली. कुणीतरी खाली वाकल्याचा आवाज आला.

"बाबा, दाराखाली फट आहे."

"बोटभर आहे. आत वारा जात असेल. पिठाला चालत नसेल तो."

"लावू का काही?"

"हात लावाल तर बघा!" ती आतून ओरडली.

बाहेर दोन जोड्या चपला मागे सरकल्या. मग सासऱ्यांचा आवाज, अगदी हळू, मुलाला समजावत, "आत्ता नको. ती बाई येऊन जाऊ दे."